दोन किंवा तीन

मुहर्रकमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात
उंदराच्या मेंदूच्या चौथ्या पोकळीतून
मी चिमट्याने उचलते
तांदळाच्या कणीएवढा लाल गोंडा.
खडकाला धरून हलणाऱ्या शेवाळासारखा.
पुस्तकात त्याला जाळं म्हणतात. पण
जाळं मासे धरतं, हा पाणी काढतो,
रक्तातून निवळ पाणी,
माणसाच्या डोक्यात दिवसाला अर्धा लिटर,
मीटर नाही, बिल नाही.

खिडकीतून हिद्दचा कारखाना दिसतो,
समुद्र पिऊन गावाला पाजणारा.
त्याचा आवाज रात्री येतो. याचा येत नाही.

गोंडा पाणी देतो, तसं त्यातलं काही परतही घेतो.
प्रथिनांचे तरंगते तुकडे,
दोन मणी जोडलेले, फार तर तीन.
एकट्या मण्याला हे दार नाही, त्याची दारं वेगळी.
चौघे आले तर बाहेरच उभे.

मी बद्रियाला म्हटलं, आमच्या पहिलीच्या पुस्तकात अस्संच:
घर. नळ. मग कमळ, वजन.
काना नाही, मात्रा नाही,
आणि चार अक्षरांशी येऊन पोरं अडतात.

बद्रिया हसली. तिचे आजोबा पाणबुडे होते,
मोत्यांच्या होडीवर. पण ती मोत्यांचं सांगत नाही,
पाण्याचं सांगते:
समुद्राच्या तळाशी गोडे झरे होते म्हणे,
आजोबा कातड्याची थैली घेऊन
खाऱ्यात बुडी मारायचे,
झऱ्याच्या तोंडाशी थैली उघडायची,
भरली की मूठ आवळून वर.
"थोडं खारट लागायचंच," ती म्हणते.
"नळ आले तेव्हा कुरकुरले. चहाला चव नाही म्हणाले."

या दारालाही चव लागते.
आंबट.
भोवतीचं पाणी किंचित आंबट असलं
की आंबटाच्या कणाचा हात धरून
तुकडा आत शिरतो.
मी द्रावण सपक केलं
तर आकडे बसतात, मोजणीयंत्र जवळजवळ गप्प.
मंगळवारी चार वेळा करून पाहिलं,
कारण डॉक्टर मन्सूरींना खरं वाटेना.
मला वाटलं होतं. मी गुहागरची.
आगळाशिवाय आमच्या गळ्याखाली काही उतरत नाही.

कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात ते उंदीर,
ज्यांना जन्मापासून हे दारच नाही.
त्यांच्या पाण्यात तुकडे रेंगाळतात.
एक तुकडा असतो, दोनच मण्यांचा, दुखणं निववणारा;
तो टोचला तर हे उंदीर
गरम पत्र्यावरून पाय उशिरा उचलतात,
दारवाल्यांपेक्षा उशिरा.
मी घड्याळ दाबते. सेकंद लिहिते.
मनात येतं, बरंच आहे की हे.
मग तो गुलाबी तळवा बघते,
पत्र्यावर तसाच,
आणि पुढचा उंदीर घेते.

सहाला, म्हणजे तिकडे साडेआठला,
रेवा वाचून दाखवते.
तिच्या बाबाने फोन कळशीला टेकवलाय,
म्हणून ती मला जरा खालून दिसते, हनुवटीकडून.
घर. नळ. बदक.
मग सरबत.
स. र. ब.
ती अडते. नेट अडतं. दोन्ही एकदम.
तोंड उघडं, ब वर गोठलेलं.
मी ओठ मिटून बसते. सांगायचं नाही असं ठरलंय आमचं.
पडदा काळा होतो.

परत फोन लागेपर्यंत
हिद्दचा आवाज सुरू झालेला असतो.
माझ्या डोक्यातला गोंडा
आता दिवसभराचं उचलत असणार:
ये ना. कधी. उद्या. झोप.
दोन अक्षरी, तीन अक्षरी, पटापट.

सरबत बाहेर उभं आहे.
त अजून यायचाय.